सीएसएमटीचा फोटो घरच्या भिंतीवर लावायचाय? आधी भिंत मोजा, मग कॅमेरा उचला

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर व्हीटीचे तीन फोटो आहेत. व्हीटी म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पण आमच्या घरात अजून व्हीटीच म्हणतात आणि आजी तर बोरीबंदरच म्हणायची. घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोंसमोर थांबतो आणि विचारतो की हे नक्की कुठलं आहे, कारण त्यातल्या एकाही फोटोत पूर्ण स्टेशन दिसत नाही. ते मी मुद्दाम तसं केलंय आणि का केलंय ते खाली सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट. बहुतेक लोक आधी फोटो काढतात, आवडला की मोठा प्रिंट काढायला जातात आणि मग कळतं की फाइल पुरत नाही, किंवा कडा कापल्या जातायत, किंवा भिंतीवर तो फोटो नुसता हरवून जातोय. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा, आधी भिंत.

भिंत आणि साइज

टेप घ्या आणि जिथे लावायचंय ती जागा मोजा. सोफ्याच्या वर लावणार असाल तर फ्रेमची एकूण रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असली की डोळ्याला बरी वाटते. आमचा सोफा ७ फुटी, म्हणजे ८४ इंच, त्याचे दोन तृतीयांश ५६ इंच. मी १२ बाय १८ चे तीन उभे प्रिंट घेतले, प्रत्येकाला चारी बाजूंनी ३ इंचाचा माउंट (फोटोभोवतीची जाड कागदाची पट्टी), म्हणजे एक फ्रेम १८ बाय २४ झाली, तीन फ्रेमा ५४ इंच आणि मधे दोन-दोन इंचाच्या फटी, एकूण ५८. जवळजवळ बरोबर बसलं.

आता मेगापिक्सेलचं गणित, हे एकदाच समजून घ्या म्हणजे प्रिंटवाला काही बोलला तरी गोंधळ होत नाही. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतो, पण भिंतीवरचा मोठा फोटो आपण पाच-सहा फुटांवरून बघतो, तिथे १५० सुद्धा चालतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० असते, ती २४ बाय ३६ इंचावर साधारण १६७ डीपीआय देते, म्हणजे बिनधास्त काढा. फोनची १२ मेगापिक्सेलची फाइल ४००० बाय ३०००, ती १२ बाय १६ वर २५० डीपीआय देते, छान येते, आणि १८ बाय २४ वर पण १६७ मिळतो. तेव्हा फोन आहे म्हणून मागे राहू नका, फक्त क्रॉप करायला जागा कमी आहे हे लक्षात ठेवा.

अजून एक, आकाराचं प्रमाण. कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, तो १२ बाय १८, १६ बाय २४, २० बाय ३०, २४ बाय ३६ मध्ये न कापता बसतो. फोनचा ४:३ असतो, त्याला १२ बाय १६ किंवा १८ बाय २४. फोनच्या आडव्या फोटोला १२ बाय १८ ची तयार फ्रेम आणलीत तर घुमटावरची मूर्ती तरी कापली जाईल नाहीतर खालचा रस्ता तरी. काय घ्यायचंय ते ठरवून फोटो काढतानाच कडेला मोकळी जागा सोडा.

काय काढायचं

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टने हे स्टेशन डिझाइन केलं, १८७८ ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १० वर्षं लागली. २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पूर्ण इमारतीचा समोरून काढलेला फोटो लाखो लोकांकडे आहे आणि तो वाईट नसतो, पण घरच्या भिंतीवर १२ बाय १८ मध्ये ती अख्खी इमारत इतकी बारीक होते की कोरीवकाम दिसतच नाही, पाच फुटांवरून फक्त एक पिवळसर आकार दिसतो. अख्खी इमारत लावायची तर २४ बाय ३६ च्या खाली जाऊ नका. त्यापेक्षा लहान भिंत असेल तर तुकडे काढा, हे माझं ठाम मत आहे.

आणि तुकडे तरी किती आहेत बघा. मुख्य गेटच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. मधल्या घुमटावर प्रगतीची स्त्रीमूर्ती, तिच्या उजव्या हातात वर धरलेली मशाल आणि डाव्या हातात आऱ्यांचं चाक. घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा आहे, तिथे आधी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, आता नुसता कोनाडा, आणि मला तर तो रिकामाच जास्त बोलका वाटतो. भिंतींवर पगड्या-फेट्यातली कोरलेली तोंडं, मोर, माकडं, पानंफुलं, पाणी बाहेर फेकणारी प्राण्यांची तोंडं. यातलं बरंचसं कोरीवकाम, लाकूडकाम, लोखंडी-पितळी जाळ्या हे सगळं त्या वेळच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आताच्या जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. माझ्या तीन फोटोंमध्ये वाघ, रिकाम्या कोनाड्यावरचं घड्याळ आणि एक जाळी आहे, बस. तीन फोटो शेजारी लावायचे तर तिन्ही एकाच दिवशी, एकाच उजेडात काढा, नाहीतर दगडाचा रंग प्रत्येकात वेगळा येतो आणि सेट जमत नाही.

कधी जायचं

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, समोर महापालिकेची इमारत (ती पण स्टीव्हन्सचीच, १८९३ ची). म्हणजे सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो म्हणून सगळे सकाळी जातात आणि मग फोटोत आकाश पांढरंफटक आणि इमारत काळी येते. सकाळ वाया जाते असं नाही पण ती दोन कामांना ठेवा. एक, सूर्य घुमटामागून वर येताना काळी आकृती, आणि दोन, कोरीवकामाचे क्लोजअप, कारण समोरची बाजू पूर्ण सावलीत असते, उजेड सगळीकडे सारखा आणि मऊ असतो, वाघाच्या तोंडावर अर्धं ऊन अर्धी सावली असा प्रकार होत नाही.

पूर्ण इमारतीसाठी दुपारी चारनंतर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैऋत्येकडे मावळतो, म्हणजे तुम्ही इमारतीकडे तोंड करून उभे असाल तर ऊन तुमच्या उजव्या खांद्यामागून तिरपं येतं आणि त्या तिरप्या उन्हात कोरीवकाम अक्षरशः उठून येतं. शेवटच्या अर्ध्या तासात समोरच्या इमारतींची आणि झाडांची सावली खालून वर चढायला लागते, तेव्हा पाचच्या आत मुख्य फोटो घेऊन ठेवा आणि मग वरच्या घुमटावरच्या सोनेरी उन्हासाठी थांबा. मे महिन्याची दुपार मात्र टाळा, ऊन डोक्यावरून सरळ खाली येतं आणि प्रत्येक छज्जाखाली काळा पट्टा पडतो.

संध्याकाळचा निळा उजेड आपल्याकडे फार थोडा वेळ टिकतो, सूर्य बुडाल्यावर जेमतेम २०-२५ मिनिटं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे सहा दहा ते साडेसहा एवढाच वेळ हातात. तेव्हा आकाश निळं असतं आणि इमारतीवरचे दिवे पण लागलेले असतात, दोन्हीचा तोल जमतो. नंतर आकाश काळं झालं की फक्त दिव्यांचे रंग उरतात, कधी जांभळा कधी हिरवा कधी गुलाबी, मोबाइलवर तो रंग भारी वाटतो पण भिंतीवर वर्षभर गुलाबी दगड बघवत नाही. रात्रीचाच एखादा फोटो फार आवडला असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा.

आणि पाऊस! जुलैत पाऊस थांबल्या थांबल्या दहा मिनिटांत फुटपाथवर पोचलात तर ओल्या रस्त्यात अख्खी इमारत दिसते. दगड भिजला की रंग गडद होतो, धूळ धुतली जाते. डबक्याजवळ फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते, जवळजवळ पाण्याला टेकवून. सोबत एक रुमाल आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा.

कुठे उभं राहायचं

महापालिकेच्या बाजूला फुटपाथवर सीएसएमटी बघायला म्हणून केलेली जागा आहे, लोक तिला सेल्फी पॉइंट म्हणतात, समोरून सरळ फोटो तिथून येतो. गर्दी असते, लोक सेल्फी काढत असतात, "दादा दोन मिनिटं देता का" म्हटलं की देतात. तिरपा अँगल हवा असेल तर चौकाच्या कोपऱ्यावर जा, बसेस आणि टॅक्स्या पुढून जाताना मिळतील. रस्ता ओलांडायला सबवे वापरा, त्या चौकात डिव्हायडरवर उभं राहून फोटो काढणारे मी पाहिलेत, कृपा करून करू नका. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्याने पत्रे, क्रेन, मचाण कुठेतरी फ्रेममध्ये येतंच, त्यामुळे आधी एकदा नुसतं फिरून या, कुठली बाजू मोकळी आहे ते बघा. त्या फेरीत फोनने टिपणं काढा, कॅमेरा घरी ठेवा.

आतमध्ये लोकल तिकिटांचा जो जुना हॉल आहे त्याला स्टार चेंबर म्हणतात, कमानी, संगमरवराचे खांब, छतावर तारे. गर्दीच्या वेळी नका जाऊ, फोटो तर मिळत नाहीच पण घरी जायच्या घाईत असलेल्या लोकांच्या वाटेत आपण उभे राहतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी जा, खांबाला पाठ लावून उभे राहा. घुमटाखालचा दगडी जिना आणि रंगीत काचा मुख्यालयाच्या भागात आहेत, मध्य रेल्वेचं ऑफिस आहे ते, असंच आत शिरता येत नाही, तिथल्या हेरिटेज म्युझियमची भेट असते तेव्हाच, आणि कुठे फोटो काढायला चालेल ते तिथल्या माणसाला आधी विचारायचं.

परवानगीचं

२००८ च्या हल्ल्यात याच स्टेशनात माणसं मेलीत, तेव्हा सुरक्षेच्या माणसाने हटकलं तर वाद घालू नका. मला एकदा आत ट्रायपॉड उघडल्यावर लगेच थांबवलं, मी "साहेब, घरासाठी फोटो काढतोय" म्हणून स्क्रीनवर फोटो दाखवले, ट्रायपॉड मिटला आणि हातात धरून काढले, विषय संपला. फोटो विकायचे असतील, जाहिरातीसाठी हवे असतील किंवा लाइट-मॉडेल घेऊन शूट असेल तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या. ड्रोनचा विचारच सोडा. कॉपीराइटची भीती मात्र नको, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात इमारतीचा फोटो किंवा चित्र काढणं हे उल्लंघन नाही असं स्पष्ट आहे. ताजमहाल पॅलेस हॉटेलचं वेगळं, त्यांनी २०१७ ला इमारतीचा ट्रेडमार्क घेतलाय, त्यामुळे तिचे प्रिंट विकायच्या आधी दहादा विचार करा.

प्रत्यक्ष फोटो

इमारतीच्या फोटोत सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे कॅमेरा वर करणं. उंच घुमट फ्रेममध्ये घ्यायला आपण फोन मागे कलवतो आणि इमारत पाठीवर पडत असल्यासारखी दिसते, दोन्ही बाजूच्या भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. मोबाइलवर चालून जातं, भिंतीवर मोठं लावलं की ते सतत टोचतं, कारण शेजारी खऱ्या दाराची चौकट सरळ उभी असते ना. उपाय असा, ग्रिड लाइन चालू करा, फोन उभा आणि एकदम सरळ धरा, समोरच्या भिंतीला समांतर. मग इमारत फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात येईल आणि खाली नुसता रस्ता, तो नंतर कापा. यात पिक्सेल जातात, म्हणून जमेल तेवढं मागे जा आणि २एक्स झूमने काढा. तरी थोडा कल राहिलाच तर स्नॅपसीडमधलं पर्स्पेक्टिव्ह किंवा लाइटरूममधलं ट्रान्सफॉर्म वापरा, पण ते सरळ करताना कडा खातं, तेव्हा डावी-उजवीकडे मोकळी जागा हवीच. फोनचा अल्ट्रावाइड शक्यतो नको, कडेचे मनोरे फुगतात.

कॅमेरावाल्यांसाठी सेटिंग: दिवसा एफ ८, आयएसओ १००, रॉ मध्ये काढा. घुमटामागे आकाश उजळ आणि कमानीखाली अंधार असतो, तेव्हा तीन फोटो घ्या, एक नॉर्मल, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त, आणि नंतर जोडा. या जोडण्याला एचडीआर म्हणतात, ते एवढंही चढवू नका की दगड प्लास्टिकचा वाटेल. रात्री शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बाकी स्पीडला एलईडीचे पट्टे येऊ शकतात. बसच्या लाल रेघा हव्या असतील तर ट्रायपॉड, एफ ११, आठ-दहा सेकंद आणि दोन सेकंदाचा टायमर. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर बॅग ठेवून त्यावर कॅमेरा.

लोक फ्रेममध्ये येतात त्याचं काय? काही जण एकाच जागेवरून १५-२० फोटो काढून सॉफ्टवेअरने माणसं गायब करतात, ते जमतं, पण माझं मन त्याला तयार होत नाही. १६ एप्रिल १८५३ ला याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून इथे माणसांची ये-जा आहे, ती पुसून टाकली तर उरतं काय? शटर अर्धा सेकंद ठेवा, इमारत स्थिर आणि माणसं पुसट वाहती येतात, कोणाचा चेहरा ओळखू येत नाही आणि गर्दी पण राहते. अर्ध्या सेकंदाला हात हलतोच, तेव्हा टेकू हवा, आणि उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लागेल.

प्रिंट काढताना

माझा पहिला मोठा प्रिंट इतका काळपट आला की घड्याळाखालचा कोनाडा दिसेचना. दुकानदाराची चूक नव्हती, माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल होता आणि त्यावर बघून मी एडिट केलं होतं. एडिट करताना ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मोठ्या प्रिंटआधी ४ बाय ६ चा एक टेस्ट प्रिंट काढून तो घरी, त्याच भिंतीवर, संध्याकाळी घरातला दिवा लावून बघा. थोडे पैसे जातात पण हजारांचं नुकसान वाचतं. फाइल एसआरजीबी मध्ये (रंगांचं नेहमीचं सेटिंग) द्या, लॅबने दुसरं काही मागितलं तरच बदला. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या.

पेपर मॅट घ्या. ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. क्लोजअपसाठी जाड टेक्श्चरचा आर्ट पेपर सुंदर दिसतो, दगडाचा खरखरीतपणा त्यात उतरतो, महाग आहे पण एका फोटोसाठी घ्याच. कॅनव्हास चालतो पण त्यात बारीक कोरीवकाम मऊ पडतं, आणि कॅनव्हास फ्रेमवर गुंडाळला तर चारी बाजूंचे दोन-दोन इंच कडेला वळतात, तेव्हा मूर्तीची मशाल कडेला गेली नाही ना ते बघून घ्या.

फ्रेम आणि टांगणं

मुंबईच्या, कोकणाच्या हवेत प्रिंटचा खरा शत्रू म्हणजे ओल. फोटो कधीही थेट काचेला चिकटू देऊ नका, पावसाळ्यात तो काचेला धरून बसतो आणि काढताना फाटतो. मधे माउंट बोर्ड हवाच, आणि फ्रेमवाल्याला अॅसिड-फ्री माउंट सांगा, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) फ्रेम ओलीत फुगते, लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची बरी. मागे चार कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा लागणारी भिंत असेल तर तिथे लावूच नका, आतली भिंत शोधा. थेट ऊन पडणारी भिंत पण नको.

उंची: फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर. सोफ्यावर लावताना सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर. तीन फ्रेमा असतील तर वर्तमानपत्राचे त्याच मापाचे कागद कापून आधी टेपने भिंतीवर चिकटवा, दोन दिवस तसेच ठेवा, घरच्यांना बघू द्या, आमच्याकडे आईने मधली फ्रेम दोनदा हलवायला लावली आणि तिचंच बरोबर होतं. मग ड्रिल.

फोर्टात पुन्हा पुन्हा जाणं होत असेल तर चर्चगेटसमोरची पश्चिम रेल्वेची मुख्यालयाची इमारत बघा, ती पण स्टीव्हन्सचीच. भायखळा स्टेशनही बघा, त्याच्या जतनाच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळालाय, आणि ते आकाराने छोटं असल्याने १२ बाय १८ मध्ये अख्खं बसतं.

आणि हो, दरवर्षी ऑगस्टमध्ये एकदा फ्रेमा खाली उतरवा, मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसा, भिंतीला हात लावून ओल आहे का बघा. गेल्या वर्षी वाघाच्या फ्रेममागे बोटभर बुरशी सापडली, वेळेवर दिसली म्हणून फक्त मागचा बोर्ड बदलावा लागला, प्रिंट वाचला.